‘छान आहे’ म्हणणारा क्लिफर्ड

क्लिफर्ड हॅलिवेल ‘छान आहे’ म्हणाला की त्याच्या लेकीच्या, लिनेटच्या, अंगाचा तिळपापड व्हायचा.

रोज सकाळी ती टोस्टचा ट्रे घेऊन जिना चढायची. पलंगावर बसूनच म्हातारा एका टोस्टचा कोपरा चावायचा, बशी हळूच बाजूला सारायचा आणि म्हणायचा, “छान आहे, पोरी.” झालं! बाकीचा टोस्ट जिथल्या तिथे. अहो, छान आहे तर गिळा की! पण नाही. आणि ते ‘छान’ इतकं गोड की पुढे भांडायलाही जागा उरायची नाही.

हा माणूस कधीपासून गोड झाला? जन्मभर इंग्लंडातल्या रॉचडेल गावात बस चालवली आणि जन्मभर कुरकुर केली. पाऊस पडला तर पावसाला नावं, ऊन पडलं तर उन्हाला. आणि सगळ्यांत जास्त नावं बायकोच्या टोस्टला. तिचंही काही चुकत नव्हतं असं नाही. एनिड गॅसच्या शेगडीतल्या, वरून आच देणाऱ्या ग्रिलखाली ब्रेड ठेवायची आणि परसातल्या भिंतीवरून शेजारणीशी बोलायला जायची. धूर घरभर झाला की धावत यायची आणि सिंकवर उभी राहून सुरीने काळं खरवडायला लागायची. खर्र, खर्र. वर क्लिफर्ड दाढी करत असायचा. तिथूनच त्याची आरोळी यायची.

“जाळलास ना परत, एनिड!”

“नको असेल तर ठेव! पक्ष्यांना घालते!”

मग हा पाय आपटत खाली यायचा, मार्मलेडचा, त्या कडवट संत्र्याच्या मुरंब्याचा, जाड थर फासायचा आणि बडबडत बडबडत बशी साफ करायचा. पक्ष्यांना त्या घरातून कधी चुरा मिळाला नाही.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेली एनिड आणि खोड गेली क्लिफर्डची. ऑक्टोबरात तिला पुरलं, आणि त्यानंतर म्हाताऱ्याने कशालाच नाव ठेवलं नाही.

लिनेट आपलं बिऱ्हाड आवरून बापाकडे राहायला आली. आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर त्या जुन्या ग्रिलला हात लावायचा नाही असं ठरवून नवाकोरा टोस्टर आणला. बिचाऱ्याने जन्मभर जळका खाल्ला, आता म्हातारपणी तरी नीट मिळू दे! सोनेरी टोस्ट, चारी कोपऱ्यांपर्यंत बटर. “छान आहे, पोरी.” मार्मलेड लावला. छान आहे. मारमाइट, ते डांबरासारखं काळंखारट, त्याला तरी हा तोंड वाकडं करेल म्हणून दाबून लावलं. छान आहे! टोस्टवर गरम बीन्स ओतले, डब्यातले सार्डिन मासे ठेवले, रविवारच्या मटणाची चरबी मीठ घालून लावली. सगळं छान, आणि सगळं बशीत.

लिनेटने हात टेकले. ती उरलेलं परसात टाकायची आणि कुंपणावरची कबुतरं इतकी माजली होती की त्यांना उडायचाही कंटाळा यायचा.

“बाबा, काय हवंय ते तरी सांगा!” ती एकदा ओरडलीच.

“मला काय हवं असणार? तू किती करतेस.”

“करतेय ते दिसतंय ना? मग खा की!”

“खाल्लं की गं.”

आता अशा माणसाच्या डोक्यात काय हाणावं?

वजन करायला नर्सबाई यायच्या. मागच्या खेपेला त्यांनी काट्याकडे बघितलं, मग लिनेटला खाली स्वयंपाकघरात नेलं. “हे असंच उतरत राहिलं तर घरी ठेवून चालायचं नाही. शुक्रवारी परत येते. तोवर तुम्ही वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवा.” पलंगाशेजारी एनिडची रिकामी खुर्ची असल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, त्याला परक्या खोलीत? तिथे तो महिनाही काढणार नाही, हे लिनेटला कुणी सांगायला नको होतं.

गुरुवारी सकाळी तिने शेवटचा उपाय काढला, चीज-टोस्ट. चीज टोस्टरमध्ये थोडंच वितळतं? झक मारत तिने ग्रिल पेटवलं आणि घरात उरलेले दोन स्लाइस त्याखाली सारले. तेवढ्यात फोन वाजला. वृद्धाश्रमाची बाई होती. एक खोली रिकामी आहे, हवी असेल तर आजच कळवा. लिनेट पॅसेजमध्ये उभी राहून “हो... नाही... म्हणजे...” करत राहिली. धूर नाकात गेला तेव्हा फोन तसाच टाकून धावली.

दोन्ही स्लाइस कोळसा!

“मर मेल्या!” ती ग्रिलला म्हणाली, नाहीतर बापाला, नाहीतर स्वतःला. घरात दुसरा ब्रेड नव्हता. रडू आवरत ती सिंकवर उभी राहिली आणि सुरीने चीजसकट काळं खरवडायला लागली. खर्र, खर्र.

“जाळलास ना परत, एनिड!”

लिनेटचा हात थांबला. वर एकदम शांतता झाली. आपण काय बोललो ते त्यालाही ऐकू आलं असणार. ती शांतता लिनेटला सहन होईना. तिने सुरी घट्ट धरली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, “नको असेल तर ठेवा! पक्ष्यांना घालते!”

मग जिना करकरला. कितीतरी आठवड्यांनी म्हातारा पाय आपटत खाली आला. त्याचे डोळे लाल होते. तो टेबलाशी बसला आणि बशीकडे बघून म्हणाला, “हा टोस्ट आहे? हे असं खरवडतात? निम्मा ब्रेड सिंकमध्ये गेला! आणि बटर कुठाय, कोपऱ्याला? फुकट येतो वाटतं ब्रेड?”

“खायचा तर खा.”

“खातोय ना! मार्मलेड आण. तो पातळ नको, जाड सालींचा.”

फोनमधून ती बाई अजून “हॅलो, हॅलो” करत होती. लिनेटने पॅसेजमध्ये जाऊन तो बंद केला. परत आली तर क्लिफर्ड दुसऱ्या टोस्टला नावं ठेवत होता आणि तोंड भरलेलं होतं.

बाहेर कबुतरं कुंपणावर बराच वेळ बसून राहिली. शेवटी उपाशीच उडून गेली.