बर्फाचे बाण आणि पितळी कांड्या

बर्फाचे बाण हा मंत्र माझ्या वाट्याला आला, कारण तो बाकी कुणाला नको होता. आगीचा गोळा अण्णाच्या मित्रानं पहिल्याच दिवशी घेऊन टाकला. आम्ही तंजावरच्या माणसांनी बर्फ पाहिलेला तो सरबताच्या दुकानातला, गोणपाटात गुंडाळलेला, भुसा चिकटलेला. त्याच्या बाणांनी राक्षस मरतील यावर माझाही विश्वास नव्हता. पण घ्यायचा तर घे, नाहीतर आत जाऊन आईला तांदूळ निवडू लाग, असं अण्णानं सांगितलं. म्हणून घेतला.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तिरुचीला इंजिनियरिंगला होता, होस्टेलवर राहायचा आणि दर शनिवारी बसनं घरी यायचा. मी तंजावरातच मुलींच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. नव्वदीच्या मधली वर्षं. केबलची वायर गच्चीवरून गच्चीवर गेली होती, आमच्या एका वीथीत, म्हणजे गल्लीत, कॉम्प्युटर क्लासच्या तीन पाट्या लागल्या होत्या, आणि अमेरिका हा शब्द लोक जेवताना सहज बोलायला लागले होते. तिथूनच होस्टेलमधल्या कुणाच्या तरी मामानं एका खेळाचं पुस्तक पाठवलं. अण्णानं त्याची झेरॉक्स घरी आणली. खेळाला पट नाही. एकानं गोष्ट सांगायची, त्यात गुहा, राक्षस, पडके किल्ले. बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक जादूगार व्हायचं आणि कुणाचा मार किती बसला ते फासे टाकून ठरवायचं. गोष्ट सांगणारा तोच पंच. पंच कोण, हे विचारायची आमच्या घरात गरज नव्हती.

दर रविवारी घरापुढच्या ओट्यावर खेळ. खेळणारे दोघंच, मी आणि अण्णाचा मित्र. तो आमच्याच वीथीतला, तमिळ घरातला. मला तंगच्ची म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण, आणि माझ्या ताटलीतला मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, विचारल्याशिवाय उचलायचा. त्याची मला किळस यायची, ती आज लिहितानाही येते. तो बोट तोंडात घालून ओलं करायचा आणि झेरॉक्सचं पान उलटायचा. तेलकट हात आधी लुंगीला पुसायचा, मग फाशांना. पुस्तकाच्या मंत्रांच्या पानावर त्याच्या अंगठ्याचा पिवळा डाग होता, नेमका आगीच्या गोळ्यावर. त्या पानाला हात लावायचा तर मी पदराच्या टोकानं लावायची.

फासे मात्र पुस्तकाबरोबर आले नव्हते. लुडोचा प्लास्टिकचा फासा पोरकट दिसतो म्हणून आम्ही घरातल्या दायमच्या, म्हणजे तिकडच्या सोंगट्यांच्या खेळाच्या, कांड्या घेतल्या. होस्टेलातही कुणीतरी घरून आणलेल्या कांड्यांवरच खेळत, असं अण्णा म्हणाला. दोन पितळी कांड्या. प्रत्येकीला चार बाजू, एक कोरी, बाकी तिन्हींवर एक, दोन आणि तीन ठिपके. दोन्ही तळहातांत घासून जमिनीवर सोडायच्या आणि ठिपके मोजायचे. दोन्ही कोऱ्या पडल्या तर बारा. आणि एक, पाच, सहा किंवा बारा पडलं की ते धरून वर पुन्हा टाकायचं. हे आम्हाला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. तंजावरात जन्मलेल्या पोराच्या हातात एक पडला आणि त्यानं कांड्या पुन्हा उचलल्या नाहीत, असं मी पाहिलेलं नाही.

आता आगीच्या गोळ्याला पाच फेका होत्या, जितकी बेरीज तितका मार. बर्फाच्या बाणांना फेक नव्हतीच, ठरलेला मार अठरा. मित्र कांड्या टाकायचा, पाच पडले म्हणून पुन्हा टाकायचा, बारा पडले म्हणून पुन्हा, आणि ओट्यावर गुडघे आपटत मोजायचा. तिकडे राक्षसाचा कोळसा व्हायचा. माझी पाळी आली की अण्णा वहीत बघून म्हणायचा, "अठरा." जसं काही दूधवाल्याला सांगतोय.

तीन रविवार मी सोसलं. चौथ्या रविवारी म्हणाले, "अण्णा, हे दोन मंत्र सारखे नाहीत."

"पुस्तकांत दोन्ही सारखेच आहेत," अण्णा म्हणाला. "एकाच पायरीवर लिहिलेत बघ. तुज काय पाहिजे, पुस्तक बदलू का?"

आतून अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "नाचतां येईना अंगण वाकडें." आमची तंजावरची मराठी एरवी मोडकी-तोडकी, पण म्हण मात्र धड असायची आणि नेमकी माझ्याच अंगावर यायची.

मग अण्णानं जाहीर केलं की पुढच्या रविवारी किल्ला. दोन दारं, दोन दारांवर दोन सारखेच राक्षस, प्रत्येकाला साठ प्राण. एकेकानं आपापल्या दारावर लढायचं. मेला तो मेला. परीक्षा जवळ आलीय, नवा जादूगार मिळणार नाही. म्हणजे मी मेले की माझा ओटाही गेला, राहिले तांदूळ. आठवड्यातले ते दोन-तीन तास होते, जेव्हा मला घरात कुणी हाक मारत नव्हतं. ते मला सोडायचे नव्हते. आणि त्याहून जास्त, अण्णानं मित्रासमोर म्हणावं की तू बरोबर आहेस, असं मला वाटत होतं. एवढंच. हसू येईल, पण त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

बुधवारी कॉलेजात एक तास रिकामा मिळाला. मी वहीत चार बाय चारच्या सोळा चौकटी आखल्या, एका बाजूला पहिली कांडी, दुसऱ्या बाजूला दुसरी. प्रत्येक चौकटीत बेरीज लिहिली. पुस्तकातल्या सहा बाजूंच्या फाशाची एक फेक सरासरी साडेतीन, पाच फेकांचे साडेसतरा. माझे अठरा. म्हणजे लिहिणाऱ्या माणसानं दोन्ही मंत्र चांगले तोलून ठेवले होते. आमच्या कांड्यांची एक फेक पावणेचार. फरक फार नाही. पण सोळातल्या सहा चौकटींत पुन्हा टाकायचं असतं, आणि पुन्हा टाकलेल्यातही पुन्हा. ते धरून बेरीज केली तर उत्तर सहा आलं. पावणेसहा नाही, सव्वासहा नाही. सहा. पाच फेकांचे तीस. अठराच्या समोर तीस, आणि म्हणे सारखे.

खोट पुस्तकात नव्हती आणि मित्राच्या मनातही नव्हती. ती आम्हा सगळ्यांच्या मनगटात होती, आणि ती मला सापडली होती. मी त्या बाकावर एकटीच हसले असेन.

रविवारी वही अण्णासमोर ठेवली. मंत्रांच्या वेळी पुन्हा टाकायचं नाही, इतकीच माझी मागणी. अण्णानं चौकटी पाहिल्या, बोटानं एकेक ओळ वाचली. त्याला कळलं. तो गणितात माझ्याहून कच्चा होता, पण इतका नव्हता. त्याचे कान लाल झाले. मित्र वाकून बघत होता, तोंडात मुरुक्कू.

"एक पडल्यावर पुन्हा टाकायचं नाही?" मित्रानं तमिळमध्ये विचारलं. "असं कुठं असतं, तंगच्ची?" तो खरंच गोंधळला होता. मग त्याचं तोंड पडलं, आणि कांड्या खाली ठेवून तो चपला शोधायला लागला.

"अरे बस बस," अण्णा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "शरी, ठीक आहे, मग बघूं. आज चाललंय तसं चालूं दे." आणि माझी वही त्यानं आपल्या बॅगेत टाकली.

मित्राचा राक्षस दोन फेऱ्यांत संपला. माझे अठरा, अठरा, अठरा. तिसऱ्या फेरीच्या शेवटी माझा जादूगार मेला, तेव्हा माझ्या राक्षसाचे सहा प्राण उरले होते. मित्र हसला, मनापासून, वाईट हेतूनं नाही. ज्या कागदावर मी माझ्या जादूगाराचं सगळं लिहून ठेवलं होतं, तो कागद आता रद्दीच म्हणून त्यानं उचलला आणि त्याला हात पुसले. तेलात अक्षरं पारदर्शक झाली. मी आत गेले आणि न्हाणीघरात उलटी केली. आईला वाटलं ऊन बाधलं.

तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारी अण्णा घरी आला तो फुलून. रात्रीचं जेवण चाललं होतं. होस्टेलात म्हणे त्यांच्याकडेही हीच खोट निघाली होती. अण्णानं सोळा चौकटी फळ्यावर काढून दाखवल्या, तेव्हा फायनल इयरच्या पोरांनीसुद्धा त्या वहीत उतरवून घेतल्या. आता तिथं मंत्रांना पुन्हा फेक नाही. त्या नियमाला तिथं अण्णाचं नाव पडलंय. अप्पांनी चक्क पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "आपल्या घरांत डोकें आहे." आईनं अण्णाच्या भातावर आणखी तूप वाढलं. आयत्या बिळावर नागोबा, ही म्हण मला अगदी जिभेवर आली होती. मी सांबार वाढत होते.

"मग आपल्या ओट्यावरही तसंच ना?" एवढं मात्र विचारलं.

"इथं राहूं दे गे. त्याला वाईट वाटेल. तसंही तू आता खेळांत कुठं आहेस?"

जेवणानंतर मी मोरीवर भांडी घासत होते, तेव्हा अण्णा मागं येऊन उभा राहिला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "गणित तुझंच बरोबर होतं." मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर मंत्रांच्या जोड्या लिहिल्या होत्या. झोपेचा आणि जखडून ठेवण्याचा, वावटळीचा आणि विजेचा, अशा सात-आठ. होस्टेलातल्या पोरांना हव्या होत्या, कुठला भारी पडतो ते.

"बघशील?"

मला आता मध्येच थांबून असं सांगता आलं असतं की मी तो कागद खरकट्या पाण्यात सोडला. लग्न होऊन पुण्याला आल्यावर एक-दोघींना मी तसं सांगितलंही आहे, आणि त्या खूश झाल्या आहेत. ते खोटं आहे. मी राख लागलेले हात घाईघाईनं साडीला पुसले, अगदी त्या मित्रासारखे, आणि कागद घेतला. मला आनंद झाला होता. इतका, की रात्री झोप लागेना. त्याच आनंदाची मला शिसारी येते, मित्राच्या ओल्या बोटापेक्षा जास्त.

पुढचं दीड वर्ष मी त्या पोरांचे मंत्र तोलून दिले. ज्या खोलीत ते खेळत, ती मी कधी पाहिली नाही. आणि दर शनिवारी संध्याकाळी, तिरुचीची बस आली असेल अशा सुमाराला, मी नवी चौकट आखून तयार ठेवायची आणि दारातून अण्णा येतोय का बघायची.