गाण्याआधीचे बारा सेकंद

भीमराजकाकांचा आवाज मी पुसला. झोपेत नाही, चुकून बटण दाबलं गेलं म्हणून नाही. चांगला शुद्धीत, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेत. तो आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या सर्व्हरवर, आणि रोज ऐकणारं माणूसही एकच होतं, त्यांची बायको, आमची मीरामावशी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी स्वतःचं कौतुक करतोय असं वाटेल. फसू नका.

मी चैतन्य. भांडुपला राहतो, मरोळच्या एका कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. कंपनीच्या वेबसाइट ज्या मशीनवर चालतात ती धडधाकट ठेवायची, हे माझं काम. सगळं नीट चाललं तर माझं नाव कुणाला माहीत नसतं, आणि बंद पडलं की शिपायापासून साहेबापर्यंत सगळे माझ्या टेबलाशी. या कामात माणूस साफसफाईचा वेडा होतो. जुन्या नोंदी उडव, नको त्या फायली उडव, जागा मोकळी कर. माझी बायको दर्शना म्हणते, घरात रिकामी बरणी दिसली तरी याचे हात शिवशिवतात.

दुसरं वेड गाण्याचं. पेटी वाजवतो, बरी वाजवतो, आणि आपला कान तयार आहे अशी माझी समजूत होती. लहानपणी टेंभीपाड्यात भीमजयंतीला गायन पार्टी बसायची, तिची मुख्य गायिका मीरामावशी. आईची मैत्रीण म्हणून मावशी. काय आवाज होता बाईचा! माईक बंद पडला तरी मागच्या गल्लीत शब्द न् शब्द कळायचा. काका गात नसत, वाजवतही नसत. टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पुढे बसत आणि बटण दाबत. बस, एवढंच.

चार वर्षांपूर्वी काका गेले. वर्षभराने मावशीने एक पिशवी आणून दिली. आत तेवीस कॅसेट, बुरशी चढलेल्या. मी सुट्ट्या घालवून त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. टेप फिरत असायची आणि मी आपली दुसरी कामं करायचो. सर्व्हर भाड्याने घेतला, वेबसाइट बनवली, मावशीच्या मोबाईलवर लावून दिली. आता या कॅसेटचं काय करू, असं तिने विचारलं तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "टाकून दे बिनधास्त. माझ्याकडचं कुठे जात नाही."

त्या वेबसाइटवर मी एक मोजणी बसवली होती. कोण आलं ते कळत नाही, पण कुठलं गाणं किती सेकंद ऐकलं ते कळतं. सकाळी चहा घेता घेता मी ते आकडे बघायचो. त्यात एक गिऱ्हाईक जाम डोक्यात जायचं. रोज सहा-सव्वासहाला येणार, ठरावीक एकच गाणं उघडणार, आणि बाराव्या सेकंदाला बंद. पुन्हा उघडणार, पुन्हा बारा. अरे, ऐकायचं नाही तर उघडतोस कशाला?

मग माझी अक्कल चालली. गाण्याआधी खरखर होती, खाकरणं होतं, कोणीतरी काहीतरी पुटपुटत होतं, एवढं टेप उतरवताना अर्धवट कानावर आलं होतं. म्हटलं, लोक याला कंटाळूनच पळतात. जवळजवळ प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला तेच. आवाजाचा आलेख स्क्रीनवर दिसतो. गाणं सुरू होतं तिथे रेषा उंच जाते, त्याआधी नुसती बारीक थरथर. ती थरथर मी कापून टाकली. एकशे चाळीस गाणी, एका रविवारी, नुसत्या नजरेने. मूळ फायली उगाच जागा अडवत होत्या म्हणून त्याही उडवल्या.

दुसऱ्या दिवशी ते गिऱ्हाईक चक्क चाळीस सेकंद थांबलं. मग दुसरं गाणं उघडलं, मग तिसरं. पुढे आठवडाभर रोज पंधरा-वीस गाणी. मी दर्शनाला आकडे दाखवले. झकास ना? म्हटलं, याला म्हणतात देखभाल. नंतर एक दिवस ते यायचं बंद झालं. गेलं असेल गावाला, असं म्हणून मी विषय सोडला.

महिना उलटून गेल्यावर मावशी घरी आली, मोबाईल रुमालात गुंडाळून. खुर्चीच्या कडेवर बसली. आपल्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं असं तिला वाटत होतं. तू एवढा कामाचा माणूस, तुला कशाला त्रास द्यायचा, म्हणून इतके दिवस गप्प राहिले, म्हणाली.

"गाणं लागतं रे," ती म्हणाली, "पण हे बोलत नाहीत."

मला आधी कळेचना. मग तिने सांगितलं. बटण दाबलं की काका दरवेळी बोलायचे, "जय भीम. भांडुप, टेंभीपाडा. मीरा, अगोदर पाणी पी." गाण्याशी तिला काय करायचं होतं, ते तर तिचंच. सकाळी उठून ती तेवढं ऐकायची, खरोखर पेलाभर पाणी प्यायची आणि कामाला लागायची. काकांचा आवाज दुसरीकडे कुठे नव्हता. पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओत ते पंगतीत वाढताना दिसतात, पण त्यावर फोटोवाल्याने कसलं तरी गाणं चढवलंय.

मी काय केलं? खोटं बोललो. सर्व्हरचं काम चाललंय, आठ दिवसांत सुरळीत होईल, असं सांगून तिला वाटेला लावलं. दर्शनाला सगळं समजलं होतं. मावशी गेल्यावर ती एवढंच म्हणाली की ती बाई रोज वीस-वीस गाण्यांत नवऱ्याला शोधत होती आणि तू इथे खुश होत होतास. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आठ दिवस शोधलं. बॅकअपची प्रत तीस दिवसांनी आपोआप पुसली जाते, नियम माझाच. कापून एकेचाळीस दिवस झालेले. जुना लॅपटॉप पाहिला, पेन ड्राइव्ह पाहिले, जेवणाच्या सुट्टीत ऑफिसचा ड्रॉवर उपसला. कॅसेट तर मावशीने माझ्याच सांगण्यावरून भंगारवाल्याला दिल्या होत्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा रिकामा राहिला असता तर काही म्हणणं नव्हतं, इथे भोगलं मावशीने.

नवव्या दिवशी तिच्याकडे गेलो. मीच कापलं, मुद्दाम कापलं, आणि आता ते परत येणार नाही, असं सगळं सांगून टाकलं. मान वर होत नव्हती. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण ती रुमालाची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "कापायच्या आधी तू ऐकलंस ना? म्हणजे त्यांना शेवटचं तूच ऐकलंस."

"हो," मी म्हणालो. आणखी एक खोटं. दुसरं काही सुचलंच नाही.

"मग बोलून दाखव ना. ते कसे म्हणायचे तसं. मला आता नीट आठवेनासं झालंय."

लहानपणी शंभरदा कानावर पडलेला आवाज, पण मी एकदाही लक्ष दिलं नव्हतं. लक्ष सगळं गाण्याकडे. तरी तोंड उघडलं. "मीरा, अगोदर पाणी पी," म्हणालो. ऑफिसात सूचना देतो तसा माझाच आवाज निघाला.

मावशीने रुमाल बाजूला ठेवला.

"तू ऐकलंच नाहीस," ती म्हणाली.