दोणीतले बेडूक आणि मोहोराची फवारणी

आमच्या मागीलदारी काळ्या दगडाची एक जुनी दोण आहे. घरात म्हशी होत्या तेव्हा त्या तिच्यात पाणी प्यायच्या. म्हशी गेल्या, दोण राहिली, तिच्यात पावसाचं पाणी साचलं आणि बेडूक आपणहून आले. त्यांना इथेच राहावंसं वाटेल एवढीच व्यवस्था मी केली. चढ-उतार करायला आत जांभ्या दगडाचा एक चिरा तिरका लावला, वर नारळाच्या झापाची सावली केली. बगळ्यासारखी ढोकरी येऊन टपून बसायला लागली तेव्हा मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून एक फाटकं जाळं आणून बांधलं.

बेडूक पाळण्याचे व्हिडिओ मी पाहिले, ते बहुतेक थंड देशांतले. काचेची पेटी, वर दिवा, आणि ऊब कशी टिकवायची याचीच सगळी काळजी. इथे ऊब फुकट मिळते, जपावा लागतो तो गारवा. नळाच्या पाण्याला औषधाचा वास, म्हणून मी विहिरीचंच पाणी घालते. मी घरून काम करते. दोन मीटिंगांच्या मध्ये मागे जाऊन बघून येते. पाण्यावर नुसते डोळे दिसतात. ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे, आणि कोणालाच काही बोलावं लागत नाही.

आईला बेडूक पसंत नव्हते. "बेडकांच्या मागून जनावर येतं," ती म्हणायची. सापाचं नाव ती घेत नाही. बाहेर तर मी कोणालाच सांगितलं नव्हतं. हसता येईल असं काही लोकांच्या हाती द्यायचं नाही, ही माझी शाळेपासूनची सवय.

दोणीच्या अगदी जवळ गडगा आहे, चिरे रचून केलेली बुटकी भिंत. पलीकडे शेजारच्या काकांची हापूसची कलमं. हिवाळ्यात मोहोर आला की फवारणीच्या आदल्या संध्याकाळी काका गडग्यावरून हाक मारतात, "उद्या फवारणी! कपडे आत घ्या, विहीर झाका!" ही हाक मी लहानपणापासून ऐकतेय. दोणीत बेडूक आले त्या वर्षी ती ऐकली आणि मी आधी दोणीकडे बघितलं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाहीत, ते कातडीतून आत जातं. अंगावर औषध पडलं तर तेही तसंच जाणार.

काकांना सांगावं का, गडग्याजवळची दोन कलमं सोडा म्हणून? पण मोहोरावर त्यांचं सगळं वर्ष उभं असतं. तरी निदान विचारावं, असं ठरवलं. दिवसभर मीटिंगांत इंग्रजी बोलून वाक्य मनात आधी इंग्रजीत तयार झालं. ते मराठीत येईपर्यंत काका घरात गेले होते.

मग उजाडताना मी दोणीवर प्लास्टिकचा मोठा कागद घातला, कडेने चिरे ठेवून दाबला आणि घरात येऊन खिडक्या लावून बसले. पंप सुरू झाल्याचा आवाज आला. काकांची फवारणी ऊन चढायच्या आत संपते. त्या दिवशी संपेना. पंप मध्येच बंद पडायचा, काका कोणावर तरी ओरडायचे, पुन्हा घरघर सुरू. खिडकीच्या फटीतून ऊन फरशीवर आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की तेच ऊन त्या प्लास्टिकवरही पडलंय. झाप मी झाकताना बाजूला काढून ठेवला होता. कागद काढावा तर औषध, ठेवावा तर आत उकाडा. पंप कुठल्या झाडाखाली आहे हे काकांना विचारल्याशिवाय कळणार नव्हतं.

तोंडाला ओढणी बांधून मी गडग्यापाशी गेले. काका लांब, विहिरीकडच्या कलमांत होते.

"काका!" आवाज माझा मलाच मोठा वाटला. "इकडची झाडं कधी करणार?"

"ती कधीच उरकली गो! वारा पडलेला होता तेव्हाच घेतली पहिली. तू झाकलंस ते बघितलं ना मी." मग जवळ येत म्हणाले, "अजून काढलं नाहीस? कुकर लावलास काय बेडकांचा?"

म्हणजे त्यांना माहीत होतं.

"आम्ही आंबा एक्सपोर्ट करतो," मी दोणीकडे वळले तशी मागून त्यांनी पुस्ती जोडली, "तू काय, बेडूक पाठवणार दुबईला?"

लाजायला वेळ नव्हता. कागदावर औषधाचे बारीक थेंब होते, म्हणून तो आतल्या बाजूला दुमडत दुमडत काढला. आतून घाम आल्यासारखी वाफ जमली होती. पाण्यावर एकही डोळा नव्हता. हात घातला तर पाणी कोमट. चिऱ्याखाली चाचपलं, काही लागलं नाही. आणखी वाकून कोपरापर्यंत हात घातला आणि बोटांना गार लागलं. जाड दगडाने तळाशी रात्रीचा गारवा धरून ठेवला होता. तिथल्या गाळात काहीतरी गुळगुळीत हललं आणि माझ्या मनगटावर लाथ मारून निसटलं.

मी हात हळूच बाहेर काढला.

"आहेत काय गो?" मागच्या दारातून आईने विचारलं. घासायला काढलेली भांडी तिच्या हातात तशीच होती.

"आहेत."

"सगळे?"

ते एकेक वर आले. डोळे, मग नाकाचं टोक. सगळे होते. आईने स्वतः विहिरीवरून कळशी आणून दोणीत हळूच ओतली, आणि "एवढं करून जनावर आलं तर तूच बघ हो," असं बजावून आत गेली.

आता फवारणीला प्लास्टिक नाही. झाप तसाच ठेवून त्यावर ओली गोणपाटं घालते आणि गडग्याकडची झाडं झाली की काढून लांब नेऊन धुते. काका ती झाडं पहिली घेतात आणि झाली की ओरडून सांगतात. आदल्या संध्याकाळची हाकही थोडी लांबली आहे, "उद्या फवारणी! कपडे आत घ्या, विहीर झाका, बेडूक झाका!" आसपासच्या घरांना ऐकू जाते. कोणीतरी हसतं. मी मागच्या दारात येऊन "हो काका!" म्हणते, तेवढ्याच मोठ्याने.