काच हिरवी झाली की या

घोटावड्याच्या रस्त्यालगत एका काकांचे शोभेच्या माशांचे दुकान आहे. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारे, करंगळीहून लहान ओटो मासे मला हवे होते. घासून लख्ख केलेल्या माझ्या टाकीचा फोटो मी मोबाईलवर कौतुकाने दाखवला. ते हसले. “पाव्हणं बोलावलं आन् चूल इझवून ठेवली व्हय, सर? उपाशी मरतील. काच हिरवी झाली की या.”

महिन्याने हिरव्या काचेचा फोटो घेऊन गेलो आणि एक मासा मागितला. “एकटा लई बुजतो. सहा न्या.”

मासे पाण्याच्या पारदर्शक पिशवीत घेऊन प्रत्येकाचे पोट त्यांनी उजेडात पाहिले. सहाव्याचे खपाटीला गेले होते. त्याला त्यांनी हळूच परत पाण्यात सोडले. “ह्यो अजून हितंच जेवंल.”

मी पाच घेऊन निघालो, तेव्हा ते त्याच्यासाठी काकडीची चकती कापत होते.