एकविसावं पान

सॉफ्टवेअरमध्ये एकोणीस वर्षं काढली, पण माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक ऑफिसात झालीच नाही. ती घरी झाली, माझ्या सख्ख्या बापाच्या बाबतीत, आणि ती निस्तरायला आता काही म्हणजे काही उरलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते. शेवटी काहीतरी मार्ग निघेल म्हणून कुणी वाचत बसू नये.

बाबा नांदेडकडचे. तरुणपणी हैदराबादला आले, एका सरकारी कचेरीत कारकुनी केली, रविवारी विहारात पोरांना मराठी शिकवलं आणि उरलेल्या वेळात शब्द गोळा केले. नाद कसला, खूळच ते. प्रत्येक अक्षराची वेगळी वही, अशा बत्तीस वह्या. डाव्या बाजूला शब्द, मग अर्थ, मग तो कोण बोललं आणि कशावरून बोललं. ‘उलसं : थोडंसं. माझी आई, अंबाडीच्या भाजीत मीठ घालताना.’ ‘इस्तू : विस्तव. शेजारीण मागायला आली तेव्हा.’ कचेरीतल्या रजिस्टरासारखं सगळं रेघा मारून, एकही खाडाखोड नाही.

आमची मराठी तशी ना धड तिकडची, ना इकडची. पुण्यामुंबईहून आलेले माझ्या कंपनीतले लोक मला अजून विचारतात, तू नक्की मराठीच ना? आई तर वरणाला ‘पप्पूचं वरण’ म्हणायची. तेलुगूत पप्पू म्हणजे वरणच, म्हणजे झालं वरणाचं वरण, पण तिला कोण सांगणार! चिडली की दखनीत घुसायची. ‘हौल्यावानी काय बघतीस, नक्को म्हटलं ना?’ बाबा लगेच उठून वही आणायचे, ‘हौला : येडा’ लिहायला. आई वैतागायची. म्हणायची, “ह्या माणसाला माझ्याशी बोलायचं नसतं, माझं बोलणं लिहायचं असतं.”

वह्यांची सुरुवातीची पानं आजीच्या शब्दांची होती. बाबा रिटायर झाले आणि दिवसभर घरी आईच्या मागेमागे फिरायला लागले, तेव्हापासूनची पानं आईची. प्रत्येक वहीत मागचा भाग तिचा. ती गेली तेव्हा आमच्या लक्षात आलं की तिचा आवाज कुठंच धरून ठेवलेला नाही. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत ती दिसते, पण नुसती हात हलवून कुणालातरी जेवायला बस म्हणते, आणि वर बँड वाजतोय. बोलणारी आई होती ती वह्यांत.

आई गेल्यावर बाबा नारायणगुड्याची भाड्याची जागा सोडून माझ्याकडं कुकटपल्लीला आले. दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन आले. दोन्हींत वह्या, आणि वह्यांना कसर लागलेली. माझा फ्लॅट केवढा, तर दोन खोल्यांचा. मी महिनाभर ट्रंकांना ठेचकाळत होते आणि तोंडानं बडबडत होते. मग एक दिवस म्हणाले, “बाबा, तुम्हाला एक साइटच करून देते. सगळी पानं फोटो काढून वर चढवा. कसर नाही, धूळ नाही, आणि सगळ्यांना वाचता येईल.”

“सगळ्यांना म्हणजे?” त्यांनी विचारलं.

“जगातल्या सगळ्यांना,” मी म्हणाले. तोंडाला येईल ते बोलायची मला सवयच आहे. बाबांचा चेहरा मात्र असा उजळला की बस्स.

दोन रविवारांत साइट उभी केली. बाबांनी पहिली वही चढवायला घेतली आणि ऑफिसात फोन. “बाई, मोठं आहे म्हणतंय.” ते मला बाईच म्हणतात. इंटरनेटवरून कुणीही काहीही ढकलू नये म्हणून अशा ठिकाणी मर्यादा घातलेली असते, एवढ्या आकारापेक्षा मोठं घेणार नाही अशी. आणि ती एकाच जागी नसते. आपण सोफा आणला तर तो सोसायटीच्या गेटातून यायला हवा, मग लिफ्टमध्ये मावायला हवा, मग आपल्या दारातून आत यायला हवा, तसंच. मी गेट मोठं केलं. दुसऱ्या दिवशी फोन, “बाई, आता काहीच म्हणत नाही, नुसतं पांढरं दिसतंय.” लिफ्ट मोठी केली. तिसऱ्या दिवशी परत. मी मीटिंगमध्ये होते, तिथूनच ओरडले, “अहो बाबा, जरा दम धरा की! मला दुसरी कामं नाहीत का?” संध्याकाळी घरी येऊन रागारागात सगळ्या मर्यादा एकदम वाढवून टाकल्या. एका फोटोचा आकार, अख्ख्या वहीचा आकार, चढायला लागणारा वेळ. म्हटलं आता हत्ती आला तरी आत येईल.

मग बाबांना इंग्रजी निरोप नको म्हणून एक मराठी निरोपही लिहिला. वही चढली की हिरव्या अक्षरांत यायचं: ‘सर्व पाने सुखरूप पोहोचली.’ किती निघाली आणि किती पोहोचली, हे मोजायचं मी साइटला शिकवलंच नाही. वही चढवायचं काम संपलं की निरोप हजर. ऑफिसात कुणाच्या कामात एवढं मोजणं नसतं, तर मी त्याची अब्रू काढली असती.

बाबांना सांगून ठेवलं, “हिरवं दिसलं की फोनमधले फोटो उडवा, नाहीतर फोन भरतो.” ते पडले कारकून. एक वही चढवायची, हिरवं बघायचं, फोटो उडवायचे, वहीवर तारखेसह बरोबरची खूण करायची. दीड महिना त्यांनी हे केलं. साइटवर बत्तीस वह्यांची बत्तीस पहिली पानं ओळीनं दिसायला लागली, आणि त्यांनी सगळ्या नातेवाइकांना दुवा पाठवला. सगळ्यांनी अंगठे पाठवले.

ट्रंका मी काढल्या. बाबांना एकदा विचारलं, ते म्हणाले, “राहू दे की, काय खायला मागतात का?” मी म्हणाले, “सगळं वर सुखरूप आहे बाबा, हे आता नुसतं कसरीचं घर.” रद्दीवाल्याला मीच बोलावलं. वह्या जाताना ते गॅलरीत कपडे वाळत घालत होते, वळून बघितलं नाही.

तीन वर्षं गेली. यंदा बाबांना वाटलं, ह्याचं छोटंसं पुस्तक करावं. हिमायतनगरात मराठी टाइप करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना मी साइट उघडून दिली. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. “ताई, बाकीची पानं कुठं ठेवलीत? प्रत्येक वही विसाव्या पानाशी थांबते.”

मी म्हणाले, “काहीतरीच काय, नीट बघा.”

“नीटच बघितलं. ‘क’ची वीस, ‘प’ची वीस. ‘ह’च्या विसाव्या पानावर तर वाक्य अर्ध्यात तुटलंय.”

वीस हा आकडा ऐकला आणि मी फोन ठेवून लॅपटॉप उघडला. कारण तो आकडा मला माहीत होता. सेटिंगच्या त्या फाइलीत एक ओळ असते. एका वेळी किती फाइली घ्यायच्या याची. आकाराची नव्हे, संख्येची. कुणी बदलली नाही तर ती वीस असते. मी सगळे आकार वाढवले आणि त्या ओळीला हात लावायला विसरले. बाबा एका वेळी साठ-सत्तर पानं पाठवत होते. सर्व्हर पहिली वीस घेत होता आणि बाकीची दारातच टाकून देत होता. तक्रारीची एक ओळ तो दर वेळी लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या रोजनिशीत, लिहीत होता, बिचारा. मी उघडून बघितलं, बत्तीस वह्यांच्या बत्तीस ओळी. तीन वर्षं तिथं पडून होत्या.

जे आत आलंच नाही त्याचा बॅकअप कुठून असणार? बाबांचा तो जुना फोन शोधून काढला, दोन दुकानांत दाखवला. दुसऱ्या दुकानात तर मालकानं स्वतः हात जोडले, यातून काही निघत नाही म्हणाला. नातेवाइकांना विचारलं, कुणी पानं उतरवून घेतली का. कुणी घेतली नव्हती. तरी मन ऐकेना, म्हणून रजा टाकून अफझलगंजला गेले. आमच्या रद्दीवाल्यानं सांगितलं होतं, माल तिकडच्या गोदामात जातो. गोदामवाला म्हातारा होता, भला होता. त्यानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं, मग विचारलं, “कब दिये थे अम्मा?” मी सांगितलं, तीन वर्षांपूर्वी. तो हसला नाही. म्हणाला, “यहाँ तीन दिन नै रुकता माल. लुगदी हो गया होएंगा, नवा कागज बी बन गया होएंगा.” मी तिथं स्टुलावर बसून ढसाढसा रडले. आई गेली तेव्हासुद्धा मला एवढं रडू आलं नव्हतं.

घरी येऊन बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. आठ दिवस मी त्यांच्याशी नीट बोललेही नाही. ते विचारायचे, टाइपवाल्या बाईंचं कुठवर आलं? मी म्हणायचे, चाललंय. ते प्रस्तावना लिहीत होते. आईला अर्पण करायचं म्हणत होते.

नवव्या दिवशी, रविवारी, सकाळचा चहा झाल्यावर सांगून टाकलं. वीस पानांचं सांगितलं, हिरव्या निरोपाचं सांगितलं, अफझलगंजचं सांगितलं. माझी चूक आहे बाबा, फक्त माझी, असं दोन-तीनदा म्हणाले. मला वाटलं ओरडतील. ओरडायला हवं होतं त्यांनी. त्यांनी कपबशी बाजूला सरकवली आणि कचेरीत कुणाची हजेरी तपासावी तसं शांतपणे विचारलं, “म्हणजे तुझ्या आईचं सगळं गेलं?”

“हो.”

त्यांनी टेबलावर सांडलेला चहा बोटानं पुसला. मग म्हणाले, “चूक होते गं बाई, माझ्याकडून पण फाइली हरवल्यात. पण तीन वर्षं कळलं नाही, म्हणजे एकविसावं पान कुणी उघडलंच नाही म्हण की.”

खरंच होतं ते. माझी लेक चौदा वर्षांची आहे, अक्षर लावत लावत मराठी वाचते, दोन ओळींत दमते. ती बत्तीस पहिली पानं बघून ‘सो नाइस, आजोबा’ म्हणाली होती. ज्यांनी अंगठे पाठवले त्यांनी पहिल्या पानापुढं बोट नेलं नाही. आणि मी? साइट माझीच, मी पानं उघडली ती नीट उघडतात का एवढंच बघायला, तेही तीन-चार. मी धीर करून विचारलं, “तुम्ही कधी नाही बघितलंत, बाबा?”

“मी कशाला बघू? मला तर माहीतच होतं. ते तुमच्यासाठी होतं.”

त्यांचा तो आवाज मला सहन झाला नाही. मी पटकन बोलून गेले, “असं नाही हो बाबा. वह्या घरात होत्या तेव्हा मी वाचायचे की, अधूनमधून. आईचे शब्द वाचायचे.”

मला वाटलं तेवढ्या खोट्यानं त्यांना बरं वाटेल, विषय मिटेल. पण त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला तिथंच कळलं, मी काय करून बसले ते.

“वाचायचीस? खरं?” ते उठलेच. “अगं मग आधी नाही का सांगायचं? मग गेलं कुठं? तुझ्या डोक्यात आहे की सगळं!” गुडघे दुखतात त्यांचे, तरी आत जाऊन लेकीची एक कोरी वही घेऊन आले. पट्टी आणली, समास आखला. पेनाचं टोपण काढून मागं खोचलं.

“सावकाश आठव. क्रमानं नको, येतील तसे सांग,” ते म्हणाले. “कुठं काय म्हणाली होती तेही सांग. मी लिहून घेतो.”

मी आठवायला लागले. ‘हौला’ आठवला, ‘पप्पूचं वरण’ आठवलं, ते तर घरात सगळ्यांनाच येतं, ते त्यांना माझ्याआधी पाठ होतं. त्यापुढं एकही शब्द येईना. माझी आई चाळीस वर्षं माझ्याशी बोलली, आणि मला तिचं तिसरं काही आठवेना.

बाबा पेन धरून माझ्या तोंडाकडं बघत होते. “बोल की बाई,” ते म्हणाले.