भावजींचं घंटा-शिट्टीचं यंत्र

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याइतका वेडा माणूस रोह्यात दुसरा झाला नाही, असं मी वर्षानुवर्षं चारचौघांत सांगत आलो आणि लोक पोट धरून हसत आले. गोष्टीचा शेवट मात्र मी दर वेळी गाळला. आता वय झालं, जन्माचा मूर्तिकार असून गणपतीचे डोळे आखणंही जमत नाही. निदान तो शेवट लिहून टाकतो.

भावजी कंपनीत इलेक्ट्रिशियन. शिफ्ट सुटली की गळ्यात टेपरेकॉर्डर अडकवून आवाज गोळा करत हिंडायचे. देवळातली घंटा, कुकरची शिट्टी, खवणीवरचा नारळ, काहीच वर्ज्य नव्हतं. रोह्याशेजारच्या अष्टमी गावच्या पुलाजवळ दोन कोळणींचं भांडण टेप करताना एकदा पकडले गेले. त्यातली एक कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भरतोस तर नीट भर, माझी शेवटची शिवी राहिली हाय!" भावजींनी मुकाट्याने कॅसेट उलटवली. बहीण म्हणायची, "दादा, देवाने ह्यांना कान दिले, अक्कल द्यायची राहिली."

मग तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण पापणीदेखील तिच्या ताब्यात राहिली नाही. डॉक्टरांनी आशा सोडली. भावजी म्हणाले, "तिला ऐकू येतं." मुंबईच्या भंगार बाजारातून त्यांनी मेंदूच्या लहरी टिपणारं जुनं यंत्र आणलं आणि त्यात आपली कारागिरी घुसवली. बहिणीच्या डोक्याला तारा, कानांवर हेडफोन. उजव्या कानात घंटा, डाव्यात शिट्टी. हो म्हणायचं तर मनात घंटा मोजायची, नाही म्हणायचं तर शिट्टी. जिकडे तिचं लक्ष, त्या आवाजामागे लहर जरा जास्त उसळायची आणि त्या बाजूचा काटा चढायचा. एका उत्तराला चहा निवून जाई. "माझी दाढी वाईट दिसते का गो?" ह्याला नेहमी घंटाच यायची, आणि भावजी खुशीत वस्तरा काढायचे.

आई मला म्हणाली, "पोरीला करंट देतोय हा! पेणला आपल्या घरी आण तिला." मी आईला घेऊन रोह्याला गेलो. भावजी म्हणाले, "तिलाच विचारा, भाऊ." मी विचारलं, "माझ्याकडे येतेस?" शिट्टीचा काटा चढला.

"यंत्र तुमचं, उत्तरही तुमचंच!" मी भडकलो.

"मग दुसरं कायपण विचारा."

लहानपणी आमच्या कारखान्यात एका तयार गणपतीचा हात मोडला होता. बहिणीने मोडला म्हणून वडिलांनी तिला बडवलं होतं. आईला, भावजींना, सगळ्यांना हीच हकीकत ठाऊक. मी विचारलं, "गणपतीचा हात तू मोडलास?"

शिट्टीचा काटा सावकाश चढत गेला.

हात मी मोडला होता. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि तिने जन्मभर कुणाला सांगितलं नव्हतं. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "बघितलंस? साफ चुकलं यंत्र."

भावजींनी एकेक तार सोडवली, कोमट पाण्याने तिचे केस पुसले. यंत्र रोह्यालाच राहिलं. पेणला माझ्या घरी ती काही महिने जगली. तेवढ्या दिवसांत तिला कुणीही काहीही विचारलं नाही.

भावजी अजून रोह्यात एकटेच असतात. त्यांना भेटायला निघालो की एसटीत बसल्यापासून मी वाक्य घोळवत जातो: भावजी, यंत्र बरोबर होतं. परवाही गेलो. चहा ठेवता ठेवता ते म्हणाले, "काय सांगायचंय का, भाऊ?"

"नाय, काय नाय," मी म्हणालो. "साखर जरा कमी टाका."