वाळुंजाला लागलेला चुना

‘नीलगिरी हटवा’ हे आमच्या पर्यावरण गटाचं पत्रक मीच लिहिलं होतं. ती नाल्याचं पाणी पिऊन टाकते, महापालिकेचं ऑफिस झोपलंय, वगैरे. ‘लांब, अरुंद, टोकदार पानांचं झाड दिसलं की तक्रार करा,’ ही ओळही माझीच. झाडांची माहिती शून्य, पण भाषा जहाल होती.

तक्रारी गेल्या आणि कधी नव्हे ते ऑफिस हललं. प्रताप नगरच्या मागच्या नाल्यावर चार झाडांना तोडायची खूण म्हणून चुन्याचे पट्टे ओढले. तिथं कपडे धुणारी परटीण पत्रक घेऊन थेट आमच्या गटाच्या खोलीवर आली.

“हे तू लिवलं काय वं? माह्या वाळुंजाले नीलगिरी म्हणतं? त्याच्या मुळ्यायनं काठ धरला म्हणून माहा धुण्याचा धोंडा टिकून आहे. तुह्या कागदापायी तोडून राहिले ना ते!”

आम्ही पोचलो तेव्हा एक झाड आडवं झालं होतं. मी तोडणाऱ्यांच्या मुकादमाला ओरडून सांगितलं, हे वाळुंज आहे.

“वाळूज तं औरंगाबादकडलं गाव होय, मॅडम,” तो म्हणाला. त्याची माणसं हसली.

परटिणीनं पान चुरगाळून त्याच्या नाकाशी धरलं. “घे वास. सर्दीच्या तेलावानी येते काय?”

येत नव्हता. मग तिनं पान उलटं केलं. पाठ पांढुरकी, कडेला बारीक दाते. नीलगिरीची कड साफ असते. नीलगिरीची साल सोलून निघते, खोड गुळगुळीत. याच्या खोडाला बोट जाईल अशा उभ्या भेगा. पाण्यात लालसर, केसांसारख्या मुळ्या. हे सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“मले पटलं,” मुकादम म्हणाला. “पण साहेबाले काय सांगू? तक्रारी तुमच्याच कागदावरून आल्या. चूक झाली म्हणून लेखी द्या.”

मी भांडले. शहानिशा करणं ऑफिसचं काम होतं. तोडायच्या झाडांची यादी करणाऱ्याला खोडाला हात लावायला काय झालं होतं? हे मी आजही म्हणेन.

“भांडण मंग कर वं,” परटीण म्हणाली. “आधी लिव.”

लिहिलं, सही केली. तीन झाडं राहिली.

तिचा धोंडा मात्र तोडलेल्या झाडापाशी होता. मुळ्या कुजल्या, दुसऱ्या पावसाळ्यात काठ खचला आणि धोंडा नाल्यात गेला. तिनं खाली दुसरी जागा धरली. मी दिसले की ओळखते, बोलत नाही.